आईच्या कानासाठी बारा व्होल्ट

चार वर्षं मी आईशी ओरडून बोलले. आमचं भांडण नव्हतं, तिला ऐकू येत नव्हतं. ओरडून बोलायचं म्हटलं की बोलणं आपोआप आटतं. "जेवतेस?" "गोळी घेतलीस?" "उठू नकोस, मी आले." एवढंच उरतं. सकाळपासून मला कसंतरी का होतंय किंवा भाजीवाल्याने आज काय सांगितलं, हे कुणी बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत नाही.

आम्ही बनारसचे मराठी. वडील बालाजी घाटाजवळच्या एका वेदपाठशाळेत शिकवायचे. ते गेल्यावर तिथल्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपेनात, म्हणून मी तिला घेऊन शहराच्या दक्षिणेला, नदीपासून थोड्या अंतरावरच्या एका कॉलनीत आले. पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गलीवर उघडणारी एक अरुंद गॅलरी. खाली घरमालकाचं कुटुंब. मी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. लग्न केलं नाही. मोठा भाऊ पुण्यात, त्याच्या संसारात. घरात आम्ही दोघीच.

एकदा दुपारी कॉलेजातून आले तर जिन्यातच जळका वास. कुकरमधलं पाणी संपून डाळीचा कोळसा झाला होता आणि आई तिथून चार पावलांवर पोथी वाचत शांत बसली होती. शिट्टी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्यानंतर महिन्याभरात ती मोरीत पडली. डॉक्टर म्हणाले, कानाच्या ज्या आजाराने ऐकणं गेलं त्यानेच तोलही गेलाय, "इन्हें अकेले मत छोड़िए." मी नोकरी सोडली. तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे असं भाऊ म्हणाला, शेजारचे म्हणाले, मीही म्हणाले.

मग दिवस सगळे एकसारखे झाले. ती झोपली की मी आंघोळ करायची. भाजी दोरीला टोपली बांधून वर घ्यायची. गॅलरीत उभं राहून गली बघायची, पण पाच मिनिटांच्या वर नाही, कारण तेवढ्यात ती एकटीच उठून चालायला लागली तर? माझे कान सतत तिच्या खोलीकडे लागलेले. गलीच्या तोंडाशी एक चहावाला आहे. वरून त्याच्या छपराचा पत्रा दिसतो. दोन वर्षं मी तो पत्रा पाहिला, चहा एकदाही प्यायले नाही.

कानाचं यंत्र घेऊन झालं होतं, चांगल्यातलं. आईने ते आठ दिवस लावलं. "ताट ठेवलंस की डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होतं," ती म्हणाली. यंत्र बारीक आवाज मोठा करायचं तसा भांड्याचा आवाजही धारदार करून आत सोडायचं. दोनदा जाऊन त्याची मात्रा बदलून आणली. शेवटी तिने ते डबीत घालून देवघरात ठेवलं ते ठेवलंच. मी खूप चिडले. तो राग तिला ऐकू आला नाही, चेहऱ्यावर मात्र दिसला असणार.

व्हॉल्व्ह माझ्याकडे आले ते कॉलेजातून. जुन्या रेडिओत असायचे ते, काचेचे, बोटाएवढे. आमच्या प्रयोगशाळेत त्यांचा एक प्रयोग असे: काचेतल्या प्लेटवर व्होल्टेज वाढवत न्यायचं, प्रवाह मोजायचा, आलेख काढायचा. तीनशे व्होल्टपर्यंत जायचं. मी तो प्रयोग वीस वर्षं मांडला आणि एकदा त्याचा असा झटका खाल्ला की खांदा आठवडाभर दुखत होता. पुढे तो अभ्यासक्रमातून गेला, सामान भंगारात निघालं. विभागप्रमुखांना विचारून मी बिस्किटाच्या डब्यात दहा-बारा व्हॉल्व्ह घरी आणले होते. कशाला, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

नोकरी सुटल्यावर एका उन्हाळ्यात तो डबा उघडला. हाताला काहीतरी हवं होतं. आणि एक गोष्ट आठवली. आलेख काढताना मुलं डाव्या कोपऱ्यातला, अगदी खालचा भाग घाईघाईने उरकायची, कारण तिथे प्रवाह नावापुरता असतो. पण असतो. शिवाय त्या कोपऱ्यात व्हॉल्व्हला मोठा आवाज झेपत नाही. धक्का आला की तो तसाच पुढे न पाठवता त्याची टोकं बोथट करून सोडतो. मला वाटलं, ताटाचा आवाज आईच्या डोक्यात खिळ्यासारखा जातो, तर तो बोथट करणारंच काहीतरी हवं. आणि आईच्या कानाला लागणाऱ्या वस्तूत तीनशे व्होल्ट मी मेले तरी घालणार नव्हते. बारा व्होल्ट ओल्या हाताने धरले तरी काही होत नाही. बारा व्होल्ट स्कूटीच्या बॅटरीतही मिळतात.

स्कूटी तशीही खाली उभीच होती. तिची बॅटरी वर आणली आणि आईच्या पलंगाशेजारी जमिनीवर बसून काम सुरू केलं. म्हणजे तिच्यावर नजर राहायची.

पहिले पंधरा दिवस नुसती शांतता. व्हॉल्व्हच्या तळाशी फिकट नारिंगी रेघ पेटायची, हेडफोनमध्ये मात्र काही नाही. मी पुस्तकातल्याप्रमाणे जोडत होते आणि पुस्तकं मोठ्या व्होल्टेजसाठी लिहिलेली. त्यात व्हॉल्व्हला थोडं दाबून ठेवण्यासाठी एक रोधक, म्हणजे रेझिस्टर, असतो. अडीचशे व्होल्टवर ते ठीक आहे. बारावर तेवढ्या दाबानेच त्याचा जीव जातो. हे लक्षात आलं त्या दिवशी मी तो रोधक काढूनच टाकला, प्लेटच्या बाजूचा रोधक मोठा केला आणि हेडफोन हलवता यावेत एवढा जोर येण्यासाठी मागे दोन ट्रान्झिस्टर जोडले. माइक जुन्या मोबाइलच्या इअरफोनमधला काढलेला. हेडफोन लावून मी माइकवर फुंकर मारली, तर कानात वारा सुटला.

व्हॉल्व्हची काच तेवढी वर ठेवून सगळं स्टीलच्या डब्यात बसवलं, म्हणजे घरातल्या विजेची घरघर कमी होईल. माइकला लांब वायर लावली. मग आईच्या डोक्यावर हेडफोन चढवले. ती कुरकुरली, पण बसली. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, माइक हातात धरून, साध्या आवाजात म्हटलं, "आई, ऐकू येतंय का?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"पुन्हा बोल."

"ऐकू येतंय का म्हटलं."

"तुझा आवाज असा आहे होय," ती म्हणाली. "मला वाटायचं तू सदा रागावलेली असतेस."

मी माइकसकट स्वयंपाकघरात जाऊन मुद्दाम ताट आपटलं. तिने मान वळवली, डोळे मिटले नाहीत. "लागलं का डोक्यात?" मी विचारलं. "नाही. लांब कुठेतरी पडल्यासारखं वाटलं." मग आम्ही दोघी तासभर बोललो. काय बोललो ते आठवत नाही. भोपळ्याच्या सालीची चटणी कशी करतात, असलं काहीतरी.

त्याने माझी कोंडी फुटली असं मात्र झालं नाही. उलट आता तिला बोलायला माणूस मिळालं होतं आणि ते माणूस मीच. चार वर्षांचं साचलेलं ती सांगायची. डबा चालू असला की मी खोलीतच हवी. आणि तो फक्त माइकसमोरचं ऐकवायचा. जिन्याची बेल, तिचा स्वतःचा जाणारा तोल, यावर त्याचा काही उपाय नव्हता. दार बंदच राहिलं.

त्या पावसाळ्यात बाढ आली. नदी चढते तेव्हा आमच्याकडे ती आधी नाल्यांतून मागे येते, मग गलीत. पहिल्या संध्याकाळी पाणी घोट्याएवढं होतं. घरमालक सामान छतावर टाकून बायको-मुलांना घेऊन नातेवाइकांकडे निघाले. जाताना वर येऊन म्हणाले, "बहनजी, आप भी माताजी को लेकर निकल लीजिए. कल नाव लगेगी."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला पायरी उतरताना गरगरतं, मी होडीत बसू? मी नाही येत. पाणी वर येत नाही, आपण पहिल्या मजल्यावर आहोत." तिचं बरोबर होतं. पाणी जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत आलं आणि थांबलं. वीज खात्याने कॉलनीची लाइट बंद केली. स्कूटी बुडाली, बॅटरी वर होती. दिवसातून दोन तास डबा लावायचा असं मी ठरवलं.

तीन दिवस आम्ही त्या दोन खोल्यांत. तांदूळ, डाळ, गॅस होता. नळ गेला होता, म्हणून बादल्या मोजून वापरायच्या. गलीतून होड्या यायच्या, दुधाच्या पिशव्या आणि खिचडीची पाकिटं घेऊन. मी टोपली सोडायची. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "बाहेर माणसं काय बोलतायत ते ऐकव की जरा." मी माइक गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लावला, वायर दाराखालून आत घेतली. तिला पाण्याचा आवाज ऐकू आला, नाववाल्यांची हाक ऐकू आली. समोरच्या छतावर कुणीतरी मेणबत्त्या मागत होतं. ती खूष झाली. "सगळी गली आत आली ग," म्हणाली.

दुपारी भावाचा फोन आला. नेटवर्क फक्त गॅलरीत यायचं, म्हणून मी तिथे गेले.

"अगं, तुम्ही अजून तिथेच?" तो म्हणाला. "निघत का नाही?"

"कशी निघू दादा? तिला जिना उतरवत नाही. होडीत कोण चढवणार?"

"मग आता काय करायचं?"

त्याने ते अगदी काळजीने विचारलं होतं. पण माझ्यात काहीतरी तुटलं. मी म्हटलं, "तू बाढ आली म्हणून फोन केलास. पाणी आठ दिवसांत उतरेल. पुढे काय? मी दोन वर्षं अशीच आहे, खाली कोरडं असतानाही. मला चौकापर्यंत जाता येत नाही. सकाळी तिला उठायला उशीर झाला की मी दारात उभी राहून बघते, श्वास चालू आहे का. चालू असतो. आणि मला हायसं वाटतं, आणि त्याच्या मागोमाग वाईट वाटतं. ती गेली तर मी सुटेन, असं येतं माझ्या मनात. रोज येतं."

तो म्हणाला, "असं बोलू नये ग."

"तुझ्याशी नाही तर कुणाशी बोलू? तिला काय ऐकू येणार आहे."

हे म्हणताना माझी नजर दोरीवर गेली. चिमटा माझ्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता.

मी फोन ठेवला. आत जायला किती वेळ लावला ते माहीत नाही. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर हेडफोन. मी आत आले तशी तिने ते काढले, वायर नीट गुंडाळली आणि डब्याचं बटण बंद केलं. काचेतली रेघ विझली.

"बॅटरी उतरेल," ती म्हणाली. "ठेव आता."

"आई," मी ओरडून म्हटलं, "तू काय ऐकत होतीस?"

"नाववाले बोलत होते," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

पुढचे दोन दिवस तिने डबा मागितला नाही. मी हातात दिला तर बाजूला ठेवला. मी वाढायची, ती दोन घास खायची, ताट सरकवायची. तिने ऐकलं की नाही, हे मला विचारता येत नव्हतं. विचारायचं तर ओरडून विचारायला हवं होतं, आणि समोरच्या छतावर माणसं बसलेली. खाली पाणी, वर पाऊस. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची, तिथे काही नसायचं, परत यायची. तिच्याकडे बघवत नव्हतं आणि न बघून चालत नव्हतं. नोकरी सोडल्यापासून मला कधी एवढं कोंडल्यासारखं झालं नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी पाणी तीन पायऱ्या उतरलं. पायऱ्यांवर काळा चिखल दिसायला लागला. मी चहा घेऊन आले तर आईने स्वतःच हेडफोन लावले होते आणि माइक माझ्या जागेवर ठेवला होता.

"बस," ती म्हणाली. "मी सगळं ऐकलं त्या दिवशी."

मी बसले. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "आई, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"होतं. म्हणून तर म्हणालीस." ती चहा पीत होती. "वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला सांगू. दोन दिवस घास उतरला नाही."

मी रडायला लागले. ती थांबली नाही. हळू, नेहमीच्या आवाजात बोलत राहिली.

"माझ्या सासूचं मी नऊ वर्षं केलं. तू लहान होतीस. घाटावर तिचे कपडे धुवायला जायची मी. एकदा कपडे आपटता आपटता मनात आलं, गंगामाई, आता ने हिला. तोंडाने बोलले नाही, पण म्हटलं. त्यानंतर ती दोन वर्षं होती. ती दोन वर्षं मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. मला वाटायचं, हिला कळलंय. ती बोलवायची, मी पाठमोरी उभी राहून उत्तर द्यायची. तशीच गेली." तिने कप खाली ठेवला. "दोन दिवस तू माझ्याकडे बघत नाहीस. म्हणून सांगितलं."

मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते.

"त्याला फोन लाव," ती म्हणाली.

चार वर्षांत आई भावाशी फोनवर धड बोललीच नव्हती. तो "कशी आहेस" विचारायचा, ती "तू जेवलास का" म्हणायची आणि फोन माझ्या हातात द्यायची. आम्ही गॅलरीच्या दाराशी पलंग ओढला. मी मोबाइलचा स्पीकर लावून माइकसमोर धरला.

"आई?" भाऊ म्हणाला.

"ऐकू येतंय मला," ती म्हणाली. "नीट ऐक. मी पुण्याला येणार नाही, या वयात मला तिथे करमणार नाही. पण ही इथे सडतेय. दिवाळी झाली की तू यायचं. तीन आठवडे. एकट्याने. बायकोला पाठवून तू तिथे बसायचं नाही. माझी मोरी, माझी गोळी, सगळं तू करायचं."

"आई, रजेचं बघावं लागेल—"

"बघ. तिने नोकरी सोडली, तू रजा बघ."

मग तो म्हणाला, "तुझा आवाज किती दिवसांनी ऐकतोय मी."

"माझा आवाज होताच," आई म्हणाली. "येशील ना?"

तो आला. मी त्याला तीन दिवस सगळं शिकवलं: मोरीत कुठे धरायचं, कोणती गोळी उपाशीपोटी, डब्याची बॅटरी कधी भरायची, व्हॉल्व्हला धक्का लागला तर कानात घंटा वाजते म्हणून डबा आपटायचा नाही. मग मी जबलपूरला गेले, प्रयोगशाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीकडे. पहिले चार दिवस नुसती झोपले. पाचव्या दिवशी बाजारात गेले आणि कुणाला न सांगता दोन तास फिरले. उकडलेले शिंगाडे घेतले, एका दुकानाच्या पायरीवर बसून खाल्ले. कुणी मला शोधत नव्हतं. मधेच दचकून उठावंसं वाटायचं, मग आठवायचं की तो आहे तिथे.

भावाचा रोज फोन यायचा. पहिल्या आठवड्यात तक्रारी. दुसऱ्या आठवड्यात तो थकलेला. एकदा म्हणाला, "तू हे रोज करतेस?" मी म्हटलं, "हो."

ठरल्या दिवशी मी परत आले. दार उघडलं, तोच जिना, तीच गॅलरी, भिंतीवर पाण्याची रेघ राहिलेली. जबलपूरची ती सुट्टी होती. सुटका म्हणावी असं काही झालेलं नाही. भाऊ आता वर्षातून दोनदा येतो. बाकीचे दिवस माझे.

आईचा कान आणखी उतरतोय. गेल्या हिवाळ्यात मी दोन बॅटऱ्या जोडून व्हॉल्व्हच्या प्लेटला चोवीस व्होल्ट देऊन पाहिले. आवाज मोठा झाला, पण भांडी पुन्हा टोचायला लागली. तिने हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवले. "पहिलं होतं तसं कर," म्हणाली. मी परत बारावर आणलं आणि माइक तोंडाच्या आणखी जवळ धरायला लागले. डॉक्टर म्हणतात, कधीतरी हेही पुरणार नाही. मला ते माहीत आहे.

त्या बाढीनंतर आईने एक नवीन सवय लावून घेतलीय. चार-आठ दिवसांनी, सकाळी चहा पिताना, ती हेडफोन सारखे करते आणि विचारते, "आलं का मनात?"

मी खरं सांगते. कधी नाही म्हणते. काल म्हटलं, "आलं."

तिने मान हलवली. "साखर कमी पडलीय," म्हणाली आणि कप माझ्याकडे परत दिला.